चार कलर छपाईत काळा मजकूर: फाईल प्रेसला देण्याआधीची तयारी

चार कलरच्या कामात फोटो थोडा लालसर आला तरी गिऱ्हाईक चालवून घेतं. काळी अक्षरं भुरकट आली, त्यांच्या कडेला निळी-गुलाबी किनार दिसली, की मात्र गठ्ठे परत येतात. मग मशीनमन म्हणतो, "रजिस्टर नाही बसून राह्यलं भाऊ," डिझायनर म्हणतो, "माझ्या स्क्रीनवर तर कडक दिसत होतं." दोघंही खरं बोलत असतात. घोळ फाईलमध्ये असतो. अक्षरं दिसायला काळी असली तरी ती चार शायांच्या मिश्रणातून बनलेली असतात.

कोरल किंवा इनडिझाइन शिकून नुकतंच काम घेऊ लागलेल्या आणि नागपूरच्या महाल, इतवारीतल्या प्रेसला फाईल पाठवणाऱ्या मंडळींसाठी हा लेख आहे. लग्नपत्रिका, क्लासेसचं पत्रक, दीक्षाभूमीवरच्या स्टॉलसाठीची पुस्तिका, ताडोबाच्या रिसॉर्टचं ब्रोशर, काम कुठलंही असो, मूळ नियम एकच: वाचायचा काळा मजकूर फक्त काळ्या प्लेटवर, १०० टक्के, आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्याच्यावरून छापलेला). पुढे जे आहे ते हा नियम कुठे कुठे नकळत मोडतो आणि कुठे तो जाणूनबुजून मोडायचा, याबद्दल.

आधी कारण समजून घ्या

ऑफसेटमध्ये सायन (सी), मजेंटा (एम), यलो (वाय) आणि ब्लॅक (के) अशा चार प्लेटा निघतात आणि कागदावर चार शाया एकावर एक बसतात. चारही तंतोतंत बसणं म्हणजे रजिस्टर. चांगल्या चार कलर मशीनवरही ते केसभर इकडेतिकडे होतं. दोन कलर मशीनवर तोच कागद दोनदा फिरतो, तिथे जास्त होतं.

आता ८ पॉइंटचं मराठी अक्षर भिंगाखाली धरा. सगळी उंची मिळून तीन मिलिमीटरही नाही. अनुस्वार, रफार, उकाराची शेपटी, 'श्र'मधली बारीक रेघ यांची जाडी मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशांत येते. हे अक्षर चार प्लेटांवर असेल आणि मजेंटा वर, सायन खाली असा दशांश मिलिमीटर जरी सरकला, तर शिरोरेखेच्या वर गुलाबी रेघ आणि खाली निळसर रेघ उमटते. अनुस्वाराचा ठिपका तर दोन ठिपक्यांसारखा दिसतो. त्यात सी, एम, वाय ६०-७० टक्क्यांवर असतील तर त्या भागात सलग शाईऐवजी छपाईच्या स्क्रीनचे डॉट (बारीक ठिपके) पडतात आणि अक्षराची कड करवतीसारखी होते. १७५ लाइनच्या स्क्रीनमध्ये (इंचाला डॉटच्या १७५ ओळी) दोन डॉटमधलं अंतर सुमारे ०.१४५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ त्या बारीक रेघेइतकंच. इतक्या जागेत धारदार कड येणार कुठून?

तेच अक्षर फक्त काळ्या प्लेटवर १०० टक्के असेल तर डॉट नाही आणि सरकायला सोबत दुसरी शाई नाही. मशीन जुनं असलं तरी अक्षर खणखणीत येतं.

लागणारं साहित्य

- सीएमवायके नीट हाताळणारं सॉफ्टवेअर: कोरलड्रॉ, इनडिझाइन किंवा इलस्ट्रेटर. फोटोशॉप फक्त फोटोंसाठी.
- ॲक्रोबॅट प्रो. साध्या रीडरमध्ये प्लेटा वेगवेगळ्या बघता येत नाहीत.
- गिऱ्हाइकाने तपासलेला अंतिम मजकूर आणि त्यात वापरलेले फॉन्ट.
- प्रेसकडून लेखी माहिती: कागद, मशीन, शीटचा साइज, एकूण शाईची मर्यादा (एका जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज).
- ८ किंवा १० पट मोठं दाखवणारं भिंग. पहिलं शीट नुसत्या डोळ्यांनी तपासून काही कळत नाही.

पायरी १: प्रेसला चार प्रश्न विचारा

कागद कोणता, आर्ट पेपर (गुळगुळीत, कोटेड), मॅपलिथो (साधा, कोटिंग नसलेला) की न्यूजप्रिंट? मशीन चार कलर की दोन कलर? शाईची मर्यादा किती धरू? आणि प्लेट काढताना रिपमध्ये (फाईलचे प्लेटसाठी डॉट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) काळा आपोआप ओव्हरप्रिंट होतो का, की फाईलमध्ये जसं आहे तसंच जातं?

शेवटचा प्रश्न नवखे विचारत नाहीत आणि तिथेच फसतात. काही सीटीपीवाल्यांच्या (संगणकावरून थेट प्लेट काढून देणाऱ्यांच्या) रिपमध्ये १०० टक्के काळा सक्तीने ओव्हरप्रिंट करायची सेटिंग चालू असते, काहींकडे फाईलमधलं ओव्हरप्रिंट सरसकट दुर्लक्षित होतं. तुमची फाईल बरोबर असूनही प्लेट चुकीची निघू शकते.

एकूण शाईचा अंदाज असा: आर्ट पेपरला ३०० टक्के, मॅपलिथोला २६० च्या आसपास, न्यूजप्रिंटला २४०. प्रेसने याहून कमी सांगितलं तर प्रेसचं ऐका.

पायरी २: डॉक्युमेंट सीएमवायकेमध्येच उघडा

कोरलमध्ये नवीन फाईल घेताना प्रायमरी कलर मोड विचारला जातो, तिथे सीएमवायके निवडा. आरजीबीमध्ये (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या रंगांत) सुरू करून नंतर बदलू, हा विचार सोडून द्या. आरजीबीचा काळा म्हणजे शून्य प्रकाश. तो सीएमवायकेमध्ये आणताना सॉफ्टवेअर चारही शाया ओतून जास्तीत जास्त गडद काळा बनवतं. फोटोशॉपच्या नेहमीच्या स्वॉप कोटेड प्रोफाइलमध्ये (रंगांचं रूपांतर ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) हा आकडा सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९० असा येतो. बेरीज ३००. पत्रिकेतल्या "आमच्या येथे श्रीकृपेकरून" या ओळीला एवढी शाई कशाला?

फ्लेक्सचं डिझाइन पत्रकासाठी वापरतानाही हाच सापळा असतो. फ्लेक्सची फाईल बहुतेक वेळा आरजीबी आणि कमी रिझोल्यूशनची असते. फ्लेक्स मशीनला ती चालते, ऑफसेटला नाही. कॅन्व्हाच्या मोफत आवृत्तीतली पीडीएफ आरजीबीच असते. तसलं काम आलं तर फोटो आणि मांडणी घ्या, मजकूर मात्र कोरलमध्ये नव्याने बसवा.

पायरी ३: स्क्रीनवर सारखे दिसणारे चार काळे ओळखा

शुद्ध काळा: सी ०, एम ०, वाय ०, के १००. सगळ्या वाचायच्या मजकुरासाठी हाच.

आरजीबी काळा: आर ०, जी ०, बी ०. फाईलमध्ये दिसला की काढा.

रिच ब्लॅक, ज्याला बरेच जण मिक्स काळा म्हणतात: के १०० सोबत इतर शाया, उदाहरणार्थ सी ६०, एम ४०, वाय ४०, के १००. मोठ्या पट्ट्यांसाठी आणि जाड शीर्षकांसाठी. त्याबद्दल पुढे.

रजिस्ट्रेशन काळा: चारही शाया १०० टक्के, बेरीज ४००. हा फक्त कटिंग मार्क आणि रजिस्टर मार्कसाठी असतो. स्वॉचच्या (तयार रंगांच्या) यादीत तो शुद्ध काळ्याच्या जवळच बसलेला असतो, त्यामुळे चुकून क्लिक होतो. या रंगात मजकूर गेला तर शीट वाळत नाही आणि थप्पीत वरच्या शीटच्या पाठीला शाई लागते.

कोरलमध्ये ऑब्जेक्ट निवडला की खालच्या स्टेटस बारमध्ये आकडे दिसतात. रंगाकडे न बघता त्या आकड्यांकडे बघायची सवय लावून घ्या. आणखी एक: फोटोशॉपमध्ये सीएमवायके फाईल उघडी असतानाही 'डी' दाबून जो काळा येतो तो चार शायांचाच असतो.

पायरी ४: बाहेरून आलेला मजकूर आधी धुऊन घ्या

गिऱ्हाईक मॅटर वर्डमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर पाठवतं. वर्डचं मॅटर इनडिझाइनमध्ये घेतलं की स्वॉच पॅनेलमध्ये 'वर्ड_आर०_जी०_बी०' अशा नावाचा एक रंग गुपचूप येऊन बसतो. तो निवडून डिलीट करा. त्याऐवजी कोणता रंग लावू असं विचारलं जाईल, तिथे ब्लॅक द्या. संपूर्ण पुस्तिका एका झटक्यात साफ होते.

कोरलमध्ये एडिट मेनूतल्या फाइंड अँड रिप्लेसमधून आरजीबी काळा शोधून त्याजागी के १०० द्या. इथे एक सावधगिरी. त्याच ठिकाणी आख्खं कलर मॉडेल बदलायचा पर्यायही असतो, आरजीबीचं सगळं सीएमवायके करणारा. तो वापरला तर फाईल सीएमवायके होते खरी, पण काळा चार शायांचा होऊन बसतो. शोधायचा तो नेमका रंग, आणि बदलायचा तोही नेमका रंगानेच.

फॉन्टला बारीकशी आउटलाइन देऊन जाड करण्याची सवय आपल्याकडे फार आहे. फिल के १०० आणि आउटलाइन आरजीबी असा जोडघोळ त्यातून होतो. दोन्ही तपासा. खरं तर ठळक वजनाचा फॉन्ट असेल तर तोच घ्यावा. आउटलाइनने 'ष', 'क्ष', 'द्ध' यांच्या पोटातली पांढरी जागा बुजते.

पायरी ५: ओव्हरप्रिंट लावा

समजा संत्र्याच्या रंगाचं ग्राउंड (मजकुरामागचा रंग) आहे, एम ५०, वाय १००, आणि त्यावर ९ पॉइंटचा काळा मजकूर. ओव्हरप्रिंट नसेल तर सॉफ्टवेअर मजेंटा आणि यलोच्या प्लेटमध्ये प्रत्येक अक्षराच्या आकाराची भोकं पाडतं आणि काळं अक्षर बरोबर त्या भोकात बसेल अशी अपेक्षा धरतं. रजिस्टर जरा हललं की अक्षराच्या एका बाजूला कोरा कागद पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक काना आणि वेलांटीच्या एकाच बाजूला ती रेघ असते, सगळ्या अक्षरांना एकाच दिशेला. दिशा एकच असेल तर दोष भोकांचा आणि रजिस्टरचा आहे हे ओळखावं.

ओव्हरप्रिंट लावलं की ग्राउंड सलग छापलं जातं आणि काळा त्याच्यावर बसतो. रजिस्टर हललं तरी कळत नाही. उलट संत्र्यावरचा काळा थोडा जास्तच भरीव दिसतो.

कुठे लावायचं?

इनडिझाइनमध्ये मूळ ब्लॅक स्वॉच १०० टक्के असेल तर तो आपोआप ओव्हरप्रिंट होतो. प्रेफरन्सेसमध्ये अपिअरन्स ऑफ ब्लॅक इथे त्याची खूण असते, ती चालू आहे ना बघा. तुम्ही स्वतः बनवलेला के १०० चा स्वॉच मात्र आपोआप होत नाही. ब्लॅकचा ९५ टक्के टिंटही होत नाही.

इलस्ट्रेटरमध्ये हे हाताने करावं लागतं. मजकूर निवडून ॲट्रिब्युट्स पॅनेलमध्ये ओव्हरप्रिंट फिल, किंवा एडिट कलर्समधून ओव्हरप्रिंट ब्लॅक.

कोरलमध्ये ऑब्जेक्टवर राइट क्लिक करून ओव्हरप्रिंट फिल. आउटलाइन असेल तर ओव्हरप्रिंट आउटलाइन वेगळं लावा, एक लावलं म्हणून दुसरं लागत नाही.

आता यातला सगळ्यात महागडा सापळा. काळ्या मजकुराला ओव्हरप्रिंट लावलं, मग गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून तीच ओळ पांढरी केली. ओव्हरप्रिंटची खूण तशीच राहिली. पांढरा म्हणजे शाई नाही. शाई नसलेली वस्तू 'वरून छापायची' म्हणजे काहीच छापायचं नाही आणि खालचं ग्राउंडही कापायचं नाही. ओळ गायब. मोबाइलवरचे बरेच पीडीएफ व्ह्यूअर ओव्हरप्रिंट दाखवतच नाहीत, त्यामुळे व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाला नाव ठळक दिसतं, तो "ओके" पाठवतो, आणि छापून आलेल्या ग्राउंडवर नावाचा पत्ता नसतो. रंग बदलला की ओव्हरप्रिंट काढलं का, हे प्रत्येक वेळी बघायचंच.

पायरी ६: मोठी शीर्षकं आणि काळे पट्टे

इथे नियम मुद्दाम मोडायचा. काळ्या शाईचा एकच थर मोठ्या भागात फिका, करडा दिसतो आणि पिनहोल (शाई न लागलेले टाचणीएवढे ठिपके) उठून दिसतात. आर्ट पेपरवरचा काळा पट्टा किंवा ब्रोशरचं आख्खं काळं कव्हर असेल तर खाली इतर शायांचा आधार द्या. सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० ही बेरीज २४० होते, बहुतेक कागदांना झेपते. दोन कलर मशीनवर मी सी ४०-५० आणि के १०० एवढंच सुचवीन. दोनच शाया, भानगड कमी, काळाही थंड आणि खोल दिसतो.

दुसरी अडचण फोटोवरच्या शीर्षकाची. 'ताडोबा' हा शब्द ७२ पॉइंटमध्ये अर्धा गडद झाडीवर आणि अर्धा फिकट आकाशावर आहे. तो के १०० ओव्हरप्रिंट असेल तर झाडीवरचा अर्धा भाग गर्द आणि आकाशावरचा विटका दिसेल, वर अक्षरांमधून फांद्याही जाणवतील. अशा मोठ्या, जाड अक्षरांना रिच ब्लॅक द्या आणि त्यांचं ओव्हरप्रिंट काढा (यालाच नॉकआउट म्हणतात). सीमारेषा सांगायची तर साधारण २४ पॉइंटच्या खाली शुद्ध काळा, ३६ च्या वर जाड फॉन्ट असेल तर रिच ब्लॅक. मधल्या मापांना खाली काय आहे ते बघून ठरवा. ३६ च्या वर असूनही फॉन्ट बारीक रेघांचा सुलेखनी वळणाचा असेल तर शुद्ध काळाच बरा.

काळ्या पट्ट्याला लागून काळी चौकट किंवा काळ्या ग्राउंडचा फोटो ठेवणार असाल तर दोन्हींचे आकडे एकच हवेत. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, कागदावर जोड दिसतो.

पायरी ७: रिव्हर्स, राखाडी आणि क्यूआर कोड

काळ्यावर पांढरी अक्षरं घ्यायची तर ग्राउंड शुद्ध काळा ठेवा किंवा फार तर एक शाई सोबत. चार शायांच्या ग्राउंडमध्ये रिव्हर्स घेतलेल्या बारीक अक्षरांत रजिस्टर हललं की रंग शिरतो. शाई पसरून पांढरी रेघ आणखी बारीक होते, म्हणून रिव्हर्सला ८ पॉइंटच्या खाली जाऊ नये आणि फॉन्ट मध्यम किंवा ठळक घ्यावा. मॅपलिथोवर ९-१० पॉइंट. सगळ्यात आधी बुजतो तो अनुस्वार, आणि 'आनंदी'चं 'आनदी' झालेलं पत्रक कुणालाच नको असतं.

राखाडी मजकूर म्हणजे के ५० किंवा ६०. एकाच प्लेटवर असला तरी तो डॉटनेच छापला जातो, कडा फुटतात. मोठ्या उपशीर्षकाला चालतो, पत्ता-फोन नंबरला नाही.

पत्रिकेवरचा लोकेशनचा क्यूआर किंवा देणगीच्या पत्रकावरचा यूपीआय कोड शुद्ध काळ्यात, पांढऱ्या जागेवर, भोवती मोकळी पट्टी ठेवून. चार शायांत तो छापला आणि रजिस्टर हललं की चौकोनांच्या कडा पुसट होतात आणि फोन कोड वाचायला कुरकुर करतो.

पायरी ८: फोटोशॉपमध्ये मजकूर ठेवू नका

फोटोशॉपमध्ये मजकूर लिहून जेपीईजी केली की अक्षरं पिक्सेल होतात. फोटोला ३०० डीपीआय पुरतं. प्लेट साधारण २४०० डीपीआयवर निघते आणि व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांच्या आकारात साठवलेलं) अक्षर त्या पूर्ण धारेने उमटतं, ३०० च्या अक्षराला पायऱ्या दिसतात. जेपीईजीमुळे अक्षराभोवती मळकट ठिपकेही येतात. फोटोवर मजकूर हवा असेल तर फोटो कोरल किंवा इनडिझाइनमध्ये आणा आणि मजकूर तिथे लिहा.

फोटोशॉपमध्येच करावं लागलं, मजकुराला काही परिणाम दिलेला असला, तर के १०० द्या, लेअर मल्टिप्लाय करा, आणि फाईल पुन्हा आरजीबीमध्ये नेऊन परत आणू नका. सीएमवायकेतून आरजीबी आणि परत सीएमवायके अशी एक फेरी झाली की शुद्ध काळ्याचे चार तुकडे झालेच समजा.

पायरी ९: कर्व्ह करताना

श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट असोत की युनिकोड, प्रेसकडे तोच फॉन्ट असेल याचा भरवसा नाही. मूळ फाईल वेगळी सेव्ह करा आणि मग प्रतीमध्ये कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह (फॉन्टची गरज नसलेले आकार) करा. मराठीत इथे एक खास गोची होते. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकांवर थोड्या चढलेल्या असतात. कर्व्ह झाल्यावर कधी कधी त्या चढलेल्या जागी पांढरी चीर पडते, कारण कोरल दोन आकारांचा सामाईक भाग रिकामा धरतं. फिलच्या गुणधर्मांत फिल वाइंडिंगचा पर्याय आहे, तो बदलला की चीर भरते. नाहीतर ती अक्षरं वेगळी करून वेल्ड करा (एकाच आकारात जोडा). वेल्ड केल्यावर ओव्हरप्रिंट टिकलं का, तेही परत बघा.

शॅडो, ट्रान्सपरन्सी, लेन्स असे परिणाम मजकुराच्या वर असतील तर फ्लॅट होताना मजकूरही पिक्सेल होतो. मजकूर नेहमी सगळ्यात वरच्या लेअरवर.

पायरी १०: पीडीएफ

इनडिझाइनमधून एक्सपोर्ट करताना आउटपुटमध्ये 'कन्व्हर्ट टू डेस्टिनेशन' आणि त्याच्या पुढे 'प्रिझर्व्ह नंबर्स' असे दोन पर्याय दिसतात. प्रिझर्व्ह नंबर्सवालाच घ्या. दुसरा घेतला आणि फाईलचं प्रोफाइल वेगळं निघालं तर इतक्या निगुतीने सांभाळलेला के १०० शेवटच्या क्लिकला चार शायांचा होतो. कोरलच्या पब्लिश टू पीडीएफमध्ये डॉक्युमेंटमधले ओव्हरप्रिंट जपण्याची खूण चालू ठेवा. सीटीपीवाला जुनी रिप वापरत असेल तर पीडीएफ एक्स-१ए, नवी असेल तर एक्स-४ (दोन्ही छपाईसाठीचे पीडीएफचे प्रकार). ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जाणारा जादा भाग) ३ मिलिमीटर.

पायरी ११: काळी प्लेट बंद करून बघा

ही पायरी वेळ नसला तरी चुकवायची नाही. ॲक्रोबॅट प्रोमध्ये प्रिंट प्रॉडक्शन, तिथे आउटपुट प्रिव्ह्यू. चार शायांची नावं आणि समोर खुणा दिसतील. ब्लॅकची खूण काढा. रिच ब्लॅकची शीर्षकं सोडून सगळा काळा मजकूर पूर्णपणे नाहीसा झाला पाहिजे. त्याच्या जागी तपकिरी किंवा करडी अक्षरं उरली तर ती चार शायांची आहेत. ग्राउंडमध्ये अक्षरांच्या आकाराची पांढरी भोकं उरली तर ओव्हरप्रिंट लागलेलं नाही. ग्राउंड सलग दिसलं तर फाईल बरोबर.

मग उलट करा: सी, एम, वाय बंद आणि फक्त ब्लॅक चालू. आता सगळा मजकूर वाचून काढा, एखादी ओळ सुटली नाही ना. तिथेच टोटल एरिया कव्हरेजची खूण लावून पायरी १ मधला आकडा भरा. मर्यादेबाहेरची जागा रंगून दिसेल. रंगलेली जागा मजकुराची असेल तर पायरी ४ वर परत जा.

ॲक्रोबॅट प्रो नसेल तर कोरलच्या प्रिंटमध्ये सेपरेशन्स चालू करून पीडीएफ प्रिंटरवर काढा. चार प्लेटांची चार पानं मिळतील, तीच परीक्षा त्यावर करता येते.

डिजिटल मशीनवरचा प्रूफ बघून निर्धास्त होऊ नका. अनेक डिजिटल मशीनच्या रिप आरजीबी काळा मजकूर स्वतःच शुद्ध काळ्यात बदलून छापतात. तिथे सुंदर आलेली तीच फाईल ऑफसेटला गंडते.

पायरी १२: प्रेसमध्ये

पीडीएफसोबत दोन ओळी लिहून द्या: "मजकूर फक्त के प्लेटवर, ओव्हरप्रिंट. कव्हरचं शीर्षक रिच ब्लॅक, नॉकआउट." प्लेटा आल्या की मजेंटाची प्लेट उजेडात धरा. बारीक मजकूर तिच्यावर दिसला तर मशीनवर चढवायच्या आधीच थांबवा.

हवेकडेही लक्ष असू द्या. कागद ओल शोषतो आणि सोडतो, त्यानुसार त्याचं माप बदलतं. मे महिन्यात प्रेसमध्ये डेझर्ट कूलर लावलेला असेल आणि कागदाची थप्पी त्याच्या झोतासमोर असेल तर कडा लहरी होतात आणि २०×३० च्या शीटला टोकाकडे रजिस्टर सुटतं. पावसाळ्यात शाई उशिरा वाळते, जास्त शाईची कामं थप्पीत चिकटतात. मजकूर एका प्लेटवर असला तर दोन्ही ऋतूंत तुमची बाजू बरीच सुरक्षित राहते. फोटोचं जे व्हायचं ते होईल.

पहिल्या चांगल्या शीटवर भिंग लावून शीटचे चारही कोपरे बघा, मधलाच भाग नको. बारीक मजकूर, रिव्हर्सचे अनुस्वार, क्यूआर कोड. क्यूआर स्वतःच्या फोनवर स्कॅन करूनच सही करा.

दिवाळीनंतर कॅलेंडरची कामं सुरू होतात तेव्हा या पद्धतीचा आणखी एक फायदा मिळतो. चित्र एकच, दुकानं वीस. दुकानाचं नाव-पत्ता शुद्ध काळ्यात आणि ओव्हरप्रिंट असेल तर सी, एम, वाय या तीन प्लेटा सगळ्यांना सामाईक राहतात, प्रत्येक दुकानासाठी फक्त काळी प्लेट बदलते. नाव चार शायांत असेल किंवा ग्राउंडमध्ये भोकं पडली असतील तर प्रत्येक दुकानाला चारही प्लेटा नव्याने काढाव्या लागतात. त्यामुळे अशा कामाचा दर सांगण्याआधी फाईल उघडून काळी प्लेट बंद करून बघा.